श्रद्धेमुळे खुर्ची गेली, श्रद्धेमुळे खुर्ची मिळाली? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या, मंडळांच्या आणि सकाळी तलावपाळीला फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. सारांश असा: स्कॉटलंडमध्ये केट फोर्ब्ज नावाच्या बाई देव मानतात, एवढ्याच कारणासाठी त्यांना पक्षाचं नेतृत्व नाकारलं आणि मुसलमान उमेदवाराला, तो मुसलमान आहे म्हणून, गादीवर बसवलं. तिकडच्या राजकारणात श्रद्धाळू माणसाला आता जागा उरलेली नाही. ऋषी सुनक मात्र गीता आणि पणत्यांच्या जोरावर पंतप्रधान झाले. आपल्या ठाण्यात तर नेतृत्व देवीच्या मंडपातूनच येतं. महाराष्ट्र नास्तिकाला थारा देत नाही. म्हणून श्रद्धा उघडपणे न दाखवणाऱ्याला मत देऊ नका. श्रद्धाळू तोच स्वच्छ.

मी स्वतः श्रद्धाळू आहे. श्रावणी सोमवारी कौपिनेश्वराच्या रांगेत उभी असते, टेंभी नाक्याच्या देवीची ओटी चुकवत नाही. म्हणूनच हा मजकूर मला जास्त लागला. माझ्या श्रद्धेचं नाव घेऊन तो मला खोटी माहिती देतो, आणि त्या माहितीवर मत द्यायला सांगतो. एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

फोर्ब्ज यांना देव मानतात म्हणून डावललं?

घटनाक्रम आधी नीट पाहू. निकोला स्टर्जन यांनी १५ फेब्रुवारी २०२३ रोजी स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरपदाचा, म्हणजे तिथल्या मुख्यमंत्रिपदाचा, आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेतेपदाचा राजीनामा जाहीर केला. अर्थमंत्री केट फोर्ब्ज तेव्हा ३२ वर्षांच्या होत्या आणि बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांच्या बालपणाचा काही काळ भारतात गेलेला. आईवडील मिशनच्या कामासाठी इथे होते. त्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या लहानशा, बायबलचा शब्द काटेकोर पाळणाऱ्या पंथाच्या. हे कुणापासून लपलेलं नव्हतं. २०२० साली अर्थखातं हाती आलं तेव्हाही त्या याच पंथाच्या होत्या. देव मानणं हाच गुन्हा असता, तर तिजोरीच्या किल्ल्या तीन वर्षं त्यांच्याकडे राहिल्या नसत्या.

वादळ उठलं ते उमेदवारी जाहीर केल्यावर दिलेल्या पहिल्याच मुलाखतींतून. समलिंगी विवाहाचा कायदा तिथे २०१४ साली झाला. त्या वेळी सभागृहात असता तर काय केलं असतं, असं विचारल्यावर विरोधात मत दिलं असतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. लग्नाशिवाय मूल होणं आपल्या श्रद्धेत बसत नाही, पण ते आपल्यापुरतं, असंही त्या म्हणाल्या. झालेला कायदा मागे घेणार नाही, हे मात्र स्पष्ट केलं. दोनेक दिवसांत त्यांना पाठिंबा दिलेले काही आमदार आणि मंत्री बाजूला झाले.

फॉरवर्ड लिहिणारा इथेच गफलत करतो. बाजूला झालेले लोक बाईंच्या रविवारच्या प्रार्थनेमुळे गेले नाहीत. आपल्या राज्यातल्या हजारो माणसांच्या लग्नाच्या हक्काबद्दल भावी मुख्यमंत्र्याचं मत काय, हे कळल्यावर गेले. त्यांचं जाणं बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. मला स्वतःला फोर्ब्ज यांचं ते मत पटत नाही. पण निवडणुकीआधी, नुकसान होणार हे दिसत असताना, त्यांनी पोटातलं ओठांवर आणलं, याबद्दल मला आदर वाटतो. मतदाराला असंच आधी कळायला हवं.

आता आकडे, कारण फॉरवर्डमध्ये ते सोयीस्करपणे गाळले आहेत. निकाल २७ मार्च २०२३ रोजी लागला. मतदान पक्षाच्या सदस्यांचं होतं आणि प्रत्येकाला उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी पसंती द्यायची होती. पहिल्या फेरीत हुमझा युसूफ (फॉरवर्डमधले ‘मुसलमान उमेदवार’, तेव्हाचे आरोग्यमंत्री) यांना २४,३३६, फोर्ब्ज यांना २०,५५९ आणि तिसऱ्या उमेदवार अ‍ॅश रेगन यांना ५,५९९ मतं. रेगन बाद झाल्यावर त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. त्यातली ३,३३१ मतं फोर्ब्जकडे गेली, १,६९६ युसूफ यांच्याकडे. अखेर युसूफ २६,०३२, फोर्ब्ज २३,८९०. टक्केवारीत ५२.१ विरुद्ध ४७.९. दोन हजारांच्या थोड्या वर मतांचा फरक. समलिंगी विवाहाबद्दल त्या जे बोलल्या ते महिनाभर प्रत्येक वर्तमानपत्रात छापून येत असताना पक्षाच्या जवळजवळ निम्म्या सदस्यांनी त्यांना मत दिलं, आणि सर्वसामान्य मतदारांच्या काही चाचण्यांत तर त्या युसूफ यांच्या पुढे होत्या. याला ‘डावललं’ म्हणत असतील, तर ठाण्यात पडलेल्या प्रत्येक उमेदवाराला डावललंच म्हणावं लागेल.

शिवाय त्या महिन्यात चर्चा फक्त बायबलवर झाली नाही. टीव्हीवरच्या एका वादसभेत फोर्ब्ज यांनी युसूफ यांच्या कारभाराचा पाढाच वाचला: परिवहन मंत्री होतात तेव्हा गाड्या वेळेवर नव्हत्या, न्यायमंत्री होतात तेव्हा पोलिसांवर ताण होता, आता आरोग्यमंत्री आहात तर रुग्णांच्या प्रतीक्षायाद्या विक्रमी लांब आहेत. स्वतःच्याच सरकारवर अशी टीका केलेली काही सदस्यांना आवडली, काहींना मुळीच नाही. ही मतंही त्या आकड्यांत आहेत. कोणतं मत चर्चमुळे गेलं आणि कोणतं रेल्वेच्या वेळापत्रकामुळे मिळालं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुठून कळलं?

युसूफ मुसलमान म्हणून निवडले गेले?

स्कॉटलंडच्या २०२२ च्या जनगणनेत मुसलमान २.२ टक्के आहेत. त्या जोरावर पक्षाची निवडणूक जिंकता येत नाही. युसूफ यांच्यामागे मंत्री आणि आमदार-खासदार मोठ्या संख्येनं उभे होते, कारण त्यांनी स्टर्जन यांचाच कारभार पुढे चालवण्याचं आश्वासन दिलं होतं. ग्रीन पक्षाशी असलेली साथ टिकवायची, आणि लिंगओळखीच्या, म्हणजे कागदोपत्री लिंगनोंद बदलणं सोपं करणाऱ्या, विधेयकाला लंडनच्या सरकारनं घातलेली आडकाठी न्यायालयात लढवायची. रेगन तर याच विधेयकाला विरोध करून आधीच मंत्रिपद सोडून बसल्या होत्या. त्यांची दुसरी पसंती फोर्ब्जकडे जास्त का वळली, याचं उत्तर या धोरणात आहे.

आणि युसूफ यांना धर्माबद्दल कुणी विचारलंच नाही, हेही खरं नाही. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी समलिंगी विवाहाच्या विधेयकावर अंतिम मतदान झालं तेव्हा ते गैरहजर होते. पाकिस्तानात ईशनिंदेच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेल्या एका स्कॉटिश नागरिकासंबंधी आपली बैठक होती, असं त्यांचं म्हणणं. ही बैठक मतदान टाळायला मुद्दाम ठरवली होती, असा आरोप त्यांच्याच पक्षाचे माजी मंत्री अ‍ॅलेक्स नील यांनी भर निवडणुकीत केला. युसूफ यांनी तो नाकारला, समान विवाहाला आपला पाठिंबा असल्याचं सांगितलं आणि कायदे आपण धर्माच्या आधारावर करणार नाही असा शब्द दिला. प्रश्न दोघांनाही एकच विचारला गेला. उत्तरं वेगवेगळी मिळाली.

निवडून आल्यावर, रमजानच्या दिवसांत, सरकारी निवासस्थानी कुटुंबासह नमाज पढतानाचं छायाचित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. कुणाला ते भावलं, कुणाला खुपलं. पण त्यांची खुर्ची गेली ती कशानं? एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी ग्रीन पक्षाशी केलेला करार मोडला, १२९ जणांच्या सभागृहात बहुमताला लागणारी मतं उरली नाहीत, आणि २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा जाहीर केला. येताना धर्मानं आणलं नाही, जाताना धर्मानं घालवलं नाही.

आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही. युसूफ सत्तेवर असताना त्यांच्यासमोर स्कॉटिश लेबर पक्षाचे नेते होते अनस सरवर. तेही ग्लासगोचे, तेही पाकिस्तानी वंशाच्या मुसलमान घरातले, दोघांची शाळासुद्धा एकच. आणि एकमेकांचे कट्टर राजकीय विरोधक. माणसाचा धर्म कळला की त्याचं राजकारण कळतं, असं मानणाऱ्यांनी या जोडीकडे एकदा पाहावं.

तिकडे श्रद्धाळूंना जागाच नाही?

युसूफ गेल्यावर पक्षाचे नेते झाले जॉन स्विनी. २०२३ मध्ये फोर्ब्ज यांच्या मुलाखतींवर वाद पेटला तेव्हा याच स्विनींनी जाहीरपणे सांगितलं होतं की आपलीही ख्रिस्ती श्रद्धा खोल आहे, पण फोर्ब्ज यांची मतं आपल्याला मान्य नाहीत. असा माणूस ६ मे २०२४ रोजी बिनविरोध नेता झाला. आणि त्यानं लगोलग उपमुख्यमंत्री कुणाला केलं? केट फोर्ब्ज यांना. श्रद्धेपायी राजकारणातून हद्दपार झाल्याचं फॉरवर्ड ज्यांच्याबद्दल सांगतो, त्या बाई सव्वा वर्षाच्या आत सरकारात दुसऱ्या क्रमांकावर होत्या. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी २०२६ ची निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं, ते लहान मुलीला आणि घराला वेळ देण्यासाठी. हे सगळं अशा देशात घडलं, जिथे २०२२ च्या जनगणनेत ५१.१ टक्के लोकांनी कोणताही धर्म नसल्याची नोंद केली आहे.

या मुद्द्यात फॉरवर्डची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती मी मांडली नाही तर अन्याय होईल. ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे टिम फॅरन २०१५ मध्ये नेते झाले. समलिंगी संबंध पाप आहे का, हा प्रश्न त्यांच्यामागे दोन वर्षं लागला. त्यांचं राजकीय मत समान हक्कांच्या बाजूचं होतं, तरी मनातली धार्मिक धारणा काय, हे पुनःपुन्हा उकरलं गेलं. १४ जून २०१७ रोजी राजीनामा देताना, पुरोगामी पक्षाचा नेता असणं आणि बायबलनिष्ठ ख्रिस्ती म्हणून जगणं आपल्याला एकत्र जमेनासं झालं आहे, असं ते म्हणाले. तोवर त्यांच्या पक्षाच्या जागा ८ वरून १२ झाल्या होत्या. म्हणजे मतदारांनी त्यांना झिडकारलं नव्हतं. इथे माध्यमांनी आणि पक्षातल्या काहींनी मर्यादा ओलांडली, असं माझं मत आहे. तुम्ही कायदा काय करणार, हे विचारण्याचा हक्क मतदाराला आहे. तुमच्या मनात पाप कशाला म्हणता, हे दहा वेळा विचारून माणसाला कोंडीत पकडणं ही चौकशी नाही, छळ आहे. मग आपल्याकडे एखाद्याला तू देवळात का जात नाहीस, असं विचारणं वेगळं कसं? फॉरवर्ड नेमकं तेच करायला सांगतो.

सुनक आणि पणत्या

हा मुद्दा लवकर संपतो. सुनक यांनी खासदार म्हणून गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, डाउनिंग स्ट्रीटवर पणत्या लावल्या, हे खरं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या नेतृत्वाची, म्हणजे पर्यायानं पंतप्रधानपदाची, निवडणूक ऐन रंगात असताना ते जन्माष्टमीला कृष्णमंदिरातही गेले. आणि ५ सप्टेंबरला लिझ ट्रस यांच्याकडून हरले: ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९. मग ट्रस सरकारचा अर्थसंकल्प कोसळला, पौंड घसरला, गृहकर्जाचे व्याजदर भडकले, ट्रस गेल्या. २४ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सुनक नेते झाले ते सदस्यांच्या मतानं नाही. पुरेसे खासदार पाठीशी असलेला दुसरा उमेदवार उरला नाही म्हणून. गीता तीच, सुनक तेच. सात आठवड्यांत बदलला तो कर्जाचा हप्ता. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचा पक्ष १२१ जागांवर आला, तेव्हाही पणत्या विझल्या होत्या असं काही नाही.

ठाण्यात नेतृत्व देवीच्या मंडपातून येतं?

आता घरच्या गोष्टीकडे. इथे मी थोडी थांबणार आहे.

टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव आनंद दिघे यांनी सुरू केला. कळव्याहून वाजतगाजत येणारी ती मूर्ती पाहायला अख्खं ठाणं लोटतं. दिघेसाहेबांचा त्या उत्सवाशी असलेला संबंध कुणी नाकारणार नाही. पण त्यांचा शब्द ठाणे जिल्ह्यात चालायचा तो नऊ दिवसांच्या उत्सवामुळे? जुन्या ठाणेकरांना विचारा. उरलेल्या दिवसांत आनंद आश्रमात गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्यांची रीघ असायची. भाडेकरूला घरमालक बाहेर काढतोय, सासरचे मुलीला नांदवत नाहीत, हॉस्पिटलात खाट मिळत नाही. त्यांनी स्वतः कधी निवडणूक लढवली नाही. २६ ऑगस्ट २००१ रोजी ते गेले तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या माणसांत त्यांनी कधी ना कधी अडीअडचणीत हात दिलेले किती असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यांची पद्धत सगळ्यांना मान्य होती असं नाही, त्यांच्यावर टीकाही झाली. पण त्यांचं नेतृत्व मंडपापुरतं करून टाकणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दिघेसाहेबांच्या पश्चात ठाण्याच्या राजकारणातला सर्वांत मोठा नेतृत्वसंघर्ष झाला तो जून २०२२ मध्ये. एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतला, मग गुवाहाटीला गेले. कामाख्यादेवीचं दर्शन घेतलं. ३० जूनला मुख्यमंत्री झाले. कारणांच्या यादीत हिंदुत्व सगळ्यात वर होतं. त्याच यादीत निधी मिळत नाही, मुख्यमंत्र्यांची भेट होत नाही, राष्ट्रवादी-काँग्रेसबरोबरची आघाडी नको, हेही होतं. समोरून उद्धव ठाकरे सांगत होते, हिंदुत्व आम्ही सोडलेलंच नाही. दोन्ही बाजूंच्या तोंडी तोच देव, तोच धर्म, तेच बाळासाहेब, तेच दिघेसाहेब. ज्या गोष्टीवर दोन्ही बाजू सारखाच हक्क सांगतात, त्या गोष्टीनं दोघांतला एक निवडता येत नाही.

मग निवड कशानं झाली? १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. म्हणजे स्टर्जन यांच्या राजीनाम्यानंतर दोनच दिवसांनी. आयोगानं कुणाची श्रद्धा खरी हे पाहिलं नाही. ते त्याचं काम नव्हतं. ५५ पैकी ४० आमदार कुणाकडे आहेत आणि २०१९ मध्ये सेनेच्या विजयी आमदारांना पडलेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मतं कोणत्या बाजूच्या आमदारांची, हे पाहिलं. पक्षाची घटना आणि संघटनेतलं बहुमत ही कसोटी आयोगानं बाजूला ठेवली, कारण पदाधिकारी निवडणुकीनं येतच नव्हते, वरून नेमले जात होते. ठाकरे गटानं या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. माझा मुद्दा त्या वादाच्या निकालाशी बांधलेला नाही.

माझा मुद्दा शाखेत बसणाऱ्या माणसाचा आहे. स्कॉटलंडमध्ये ७२,१८६ सदस्यांना मतदानाचा हक्क होता आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के जणांनी तो बजावला. सदस्यसंख्येबद्दल पक्षानं माध्यमांना चुकीची माहिती दिली, तेव्हा पक्षाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, जे स्टर्जन यांचे पतीही होते, निकालाआधीच १८ मार्चला पद सोडावं लागलं. सदस्यांची यादी इतकी मोलाची मानली गेली. इकडे ठाण्यात गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख म्हणून ज्यांनी उमेदीची वर्षं दिली, पावसात झेंडे बांधले, रात्री-अपरात्री रक्तदाते शोधले, त्यांना कुणीही मतपत्रिका दिली नाही. नेता कोण, हे सुरत, गुवाहाटी, मुंबई आणि दिल्लीत ठरलं. त्यांनी फक्त कोणत्या शाखेत बसायचं ते ठरवलं. शाखांच्या इमारतींवरून हाणामाऱ्यांपर्यंत वेळ गेली. हे एका पक्षाचं दुखणं नाही. महाराष्ट्रातला कोणता मोठा पक्ष आपल्या साध्या सदस्याला प्रदेशाध्यक्ष निवडायला मतपत्रिका देतो? काँग्रेसनं ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी खरी निवडणूक घेतली, मल्लिकार्जुन खरगे ७,८९७ आणि शशी थरूर १,०७२; पण मतदार होते दहा हजारांच्या आसपास प्रतिनिधी, गल्लीतला कार्यकर्ता नाही. खरगे बौद्ध आहेत, हा त्या लढतीत विषयही झाला नाही. फोर्ब्ज यांच्यावर झालेल्या अन्यायाबद्दल हळहळणाऱ्या फॉरवर्डला आपल्या घरातला कार्यकर्ता दिसत नाही, याचा मला राग येतो.

२०२४ चे निकाल राहिले. लोकसभेला ठाण्यात नरेश म्हस्के विरुद्ध राजन विचारे. दोघेही दिघेसाहेबांच्या तालमीतले. म्हस्के २ लाख १७ हजारांच्या फरकानं जिंकले. विधानसभेला कोपरी-पाचपाखाडीत शिंदे यांच्यासमोर खुद्द दिघेसाहेबांचे पुतणे केदार दिघे उभे होते. शिंदे १ लाख २० हजारांवर मतांनी जिंकले. मंडपाची पुण्याई आणि रक्ताचं नातं मतांत उतरत असतं, तर हा निकाल असा लागला नसता. लोकांनी काम पाहिलं, सत्ता पाहिली, उमेदवाराची ताकद पाहिली, युती पाहिली.

महाराष्ट्र नास्तिकाला थारा देत नाही?

हा वाद तर ठाण्यातच पेटला होता. १२ एप्रिल २०२२ च्या ठाण्यातल्या ‘उत्तर सभेत’ राज ठाकरे यांनी शरद पवार नास्तिक असल्याचं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पवारांनी उत्तर दिलं: आपण धर्माचं प्रदर्शन करत नाही, प्रचाराचा नारळ मात्र बारामतीत मारुतीच्या देवळातच फुटतो, आणि देवाच्या नावावर चालणाऱ्या बाजारावर प्रबोधनकार ठाकरे यांनी काय लिहिलंय ते वाचा. त्या शिक्क्याचं पुढे काय झालं? लोकसभा २०२४ मध्ये पवारांच्या पक्षानं १० जागा लढवून ८ जिंकल्या. सहा महिन्यांत विधानसभेला ८६ पैकी १०. माणूस तोच, त्याच्यावरचा आरोप तोच. जूनमध्ये महाराष्ट्र नास्तिकांचा होता आणि नोव्हेंबरमध्ये आस्तिकांचा झाला, असं म्हणायचं का? कांदा, सोयाबीन, आरक्षण, लाडकी बहीण, जागावाटप या गोष्टींचं काय करायचं मग?

जवाहरलाल नेहरूंनी आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. या देशानं त्यांना तीन सार्वत्रिक निवडणुकांत निवडून दिलं.

आणि नेतृत्वाच्या निवडणुकीत धर्म खरोखर मध्यभागी आला होता, असं आपल्या इतिहासातलं उदाहरण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. १९५० साली, नाशिकच्या अधिवेशनाआधी, काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव उभे होते. टंडन १,३०६, कृपलानी १,०९२, देव २०२. तिघेही हिंदू. कोण किती पूजा करतो, हा वादच नव्हता. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या प्रश्नावर आणि इथे राहिलेल्या मुसलमानांबद्दल पक्षानं कोणती भूमिका घ्यायची, यावरून नेहरूंचा टंडन यांना विरोध होता. पटेलांच्या पाठिंब्यानं टंडन जिंकले, पण वर्षभरातच, सप्टेंबर १९५१ मध्ये, त्यांना पद सोडावं लागलं आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. एडिंबरा असो की नाशिक, लोक शेवटी श्रद्धेतून निघणाऱ्या धोरणावर भांडले.

श्रद्धा न दाखवणाऱ्याला मत देऊ नका?

संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री आणि आमदार-खासदार यांच्यासाठी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत: ईश्वरसाक्ष शपथ घ्या, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. दोन्हींची किंमत सारखीच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार उमेदवारानं, त्याच्या प्रतिनिधीनं किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कुणी धर्माच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन केलं, तर ते भ्रष्ट आचरण ठरतं. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं हा नियम आणखी व्यापक केला: मतदाराच्या धर्माचं नाव घेऊन केलेलं आवाहनही त्यात येतं. खटला कुठला? आपल्या शेजारचाच, सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा. त्याआधी विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मत मागितल्यामुळे रमेश प्रभू यांची आमदारकी रद्द झाली आणि खुद्द बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. हा फॉरवर्ड उद्या एखाद्या उमेदवाराच्या कार्यालयातून निघाला, तर प्रकरण न्यायालयात जाऊ शकतं, हे पुढे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

टेंभी नाक्याच्या परिसरातच १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. तिथे प्रार्थनेला जाणारी बेने इस्रायली कुटुंबं घरात मराठी बोलतात, पिढ्यान्‌पिढ्या ठाण्यात राहतात. त्यांच्यापैकी कुणी उद्या प्रभागात उभं राहिलं, तर त्यानं आपली श्रद्धा उघडपणे कुठे दाखवायची आणि ती मोजायची कुणी?

राहिला ‘श्रद्धाळू तोच स्वच्छ’ हा दावा. प्रामाणिकपणा देवळात किती वेळा दिसतो यावरून ठरवायची गरजच नाही, कारण तपासायची सोय कायद्यानं दिलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत फॉर्म २६ मधलं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात प्रलंबित गुन्हे, शिक्षा, स्वतःची आणि जोडीदाराची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी आणि शिक्षण असतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही फुकट वाचता येतं. माझ्या मतदारसंघातल्या उमेदवारांची शपथपत्रं मी मागच्या वेळी वाचली, शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवली. हा फॉरवर्ड ज्यांनी मला पाठवला, त्या प्रत्येकाला मी या लेखासोबत आपापल्या उमेदवाराच्या शपथपत्राचा दुवा पाठवणार आहे.